याबद्दल मला विचारावे

शेलार नाना कोणालाही काही वाचायला दिलं की आधी स्वतःच्या तोंडात अख्खी सुपारी टाकायचे. कातरलेली नव्हे, अख्खी. मग समोर स्टूल ओढून बसायचे आणि वाचणाऱ्याच्या कपाळाकडे टक लावून बघायचे. कपाळाला आठी पडली रे पडली की हातातल्या लाल पेन्सिलीने वहीत फुली. माझ्यावर पहिल्यांदा हा प्रसंग आला तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झटका-बिटका आलाय. एक गाल फुगलेला, डोळे वटारलेले आणि तोंडातून चकार शब्द नाही.

वाचून झालं तशी त्यांनी सुपारी काढून रुमालात गुंडाळली आणि खुलासा केला.

"तोंड भरलेलं असलं की जीभ मधी पडत नाय. तू अडलास की मला सांगावंसं वाटणार. मी सांगितलं की तू पुढं जाणार. आणि उद्या मी नसलो की तू पुन्हा तिथंच अडणार. म्हणून सुपारी."

"पण नाना, मी अडलो ते माझ्या मठ्ठपणामुळे असेल."

"नाय. अडलास तर माझी चूक. वाचणारा कधी चुकत नाय. लिहिणारा चुकतो."

आता हे वाक्य मला माझ्या शाळेत कोणी ऐकवलं असतं तर माझा जन्म सुखाचा झाला असता. माझे वडील महाडला शाळामास्तर. त्यांच्या मते जगात जे काही चुकतं ते वाचणाऱ्याचं, आणि त्यातही माझं.

ऐंशी साल मागे पडून पाचसहा वर्षं झाली होती. बिरवाडीच्या बाजूला कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी स्टोअरमध्ये लागलो. स्टोअर म्हणजे कोठार. पंप, नळ, नट, बोल्ट, पट्टे, वॉशर, एकूण चार हजारांवर वस्तू, आणि त्या कुठे आहेत ते ठाऊक असलेला माणूस एकच. नाना मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाचे, कुडपणचे. तरुणपणी मुंबईला एका वर्कशॉपच्या कोठारात राबले, उतारवयात गावाजवळ काम मिळालं म्हणून परतले आणि बिरवाडीत खोली घेऊन राहिले. फिटर खिडकीशी आला की नाना डोळे मिटायचे. "तिसरी मांडणी, खालून दुसरा कप्पा, डाव्या हाताला." डोळे उघडायच्या आत मी ते आणून द्यायचं.

गंमत वाटायची. मग एकदा मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की नाना दीड वर्षाने निवृत्त होणार आणि स्टोअर माझ्या गळ्यात पडणार. "वस्तू वेळेवर सापडली नाही तर प्लँट थांबतो," साहेब म्हणाले, "आणि प्लँट थांबला तर मी तुला विचारणार." त्या दिवसापासून नानांनी डोळे मिटले की मला गंमत वाटेना. बाबा रे, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे, आणि तू डोकं घेऊन कुडपणला जाणार!

त्यावर कंपनीने काढलेला तोडगा म्हणजे कॉम्प्युटर. तो मुंबईहून टेम्पोतून आला, चार गाद्यांत गुंडाळून. त्याच्यासाठी स्टोअरच्या कोपऱ्यात काचेची खोली बांधली, तिला थंड हवेचं यंत्र लावलं. प्लँटात घामाने निथळणारी माणसं येता-जाता काचेला गाल लावून जायची. दाराबाहेर चपला काढायच्या, असा नियम झाला. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घातला, तेव्हा नारळ मात्र खोलीबाहेर फोडायला लावला, पाणी आत जाईल म्हणून. मुंबईहून आलेल्या माणसाने चार दिवस बसून त्यात सगळ्या वस्तूंची यादी भरायची सोय केली. तो त्याला डेटाबेस म्हणायचा. नाना म्हणायचे, पेटारा. जाताना त्याने दोनशे पानांचं एक इंग्रजी पुस्तक आमच्या हातात ठेवलं.

नानांनी ते पुस्तक तीन दिवस वाचलं. शब्दकोश घेऊन वाचलं. चौथ्या दिवशी माझ्यासमोर आपटलं.

"अरुण, ह्यात पेटारा काय काय करतो ते सगळं लिहिलंय. मी काय करायचं ते कुठं लिहिलंय? जाधव फिटर खिडकीशी उभा हाय, त्याच्या हाताला तेल लागलंय, त्याला वॉशर पाहिजे. ह्या दोनशे पानांत जाधव कुठं हाय?"

जाधव कुठेच नव्हता. मग नाना साहेबांकडे गेले आणि म्हणाले, पुस्तक मी लिहितो, मराठीत. आणि वर एक प्रतिज्ञा करून आले, की मी गेल्यावर वस्तू हुडकायला एकाही माणसाला माझ्याकडे यावं लागणार नाय. आला तर पुस्तक फेल.

इथून पुढे नाना निवृत्त होईपर्यंत आमच्या स्टोअरची प्रयोगशाळा झाली. नाना लिहायचे, मी टाईप करायचो, आणि जो कोणी हाताला लागेल त्याला खुर्चीत बसवून समोर सुपारी तोंडात टाकून नाना बसायचे. एका पायरीत एकच काम, हा त्यांचा दंडक. "मशीन चालू करून यादी उघडा" असं मी एकदा लिहिलं तर म्हणाले, "तू जेवताना घास घेऊन पाणी एकदम पितोस काय रे?"

सगळ्यात कठीण परीक्षा म्हणजे कँटीनच्या सुलोचनाबाई. चौथी शिकलेल्या, तोंडाच्या फटकळ, आणि जे लिहिलंय तेवढंच करणार. नानांना अशीच माणसं आवडायची. बाईंनी पहिली पायरी मोठ्याने वाचली, "चपला बाहेर काढा." काढल्या. दुसरी, तिसरी, चौथी, सगळं यथासांग करत बाईंनी पेटाऱ्यातून एक पाऊण इंची नळाचा ठावठिकाणा काढला, नळ आणला, टेबलावर ठेवला. नाना सुपारीमागून खुशीत घशातल्या घशात हुंकारत होते. शेवटची पायरी होती, "खोलीचं दार लावून घ्या." बाईंनी दार लावलं आणि तडक कँटीनकडे चालू लागल्या. अनवाणी. भर वैशाखात, तापलेल्या फरशीवरून.

"अवो बाई, चपला!" मी ओरडलो.

"लिव्हलेलं नाय," बाई मागे न बघता म्हणाल्या.

मला वाटलं, बाई नानांची टर उडवतायत. उडवतच होत्या. पण नानांनी सुपारी काढली, लाल पेन्सिलीने फुली मारली आणि पुस्तकात शेवटची पायरी वाढवली, "चपला घाला." ती शेवटपर्यंत राहिली. पुढे मुंबईच्या मुख्य कचेरीतून आलेला एक टायवाला साहेब ती वाचून हसला, तर नाना म्हणाले, "हसा. पण घाला."

दुसरी अडचण नावांची. पेटाऱ्यात वस्तूंची नावं होती ती कंपनीच्या इंग्रजी कागदांतली, लांबलचक. ती आमच्याकडे कोणाच्या तोंडी नव्हती. फिटर लोक एका बसक्या झडपेला बेडूक म्हणायचे. दोन दांड्यांना जोडणाऱ्या तुकड्यांची जोडी होती, तिला नवरा-नवरी. एक वाकडी कळ होती तिला काय म्हणायचे ते मी इथे लिहीत नाही, सुलोचनाबाईंनीसुद्धा ऐकून पदर तोंडाला लावला होता. मी म्हटलं, नाना, लोकांना खरी नावं शिकवू या. नाना म्हणाले, "खरं नाव कंचं? चाळीस माणसं ज्याला बेडूक म्हणतात त्याला मुंबईचा एक माणूस काही पण म्हणेल." मुंबईच्या त्या माणसाने प्रत्येक वस्तूपुढे शेऱ्यासाठी एक रिकामा रकाना ठेवला होता. त्यात नानांनी ही सगळी नावं इंग्रजी अक्षरांत भरून घेतली. आता बेडूक लिहिलं की बेडूक सापडायचा.

झालं काय, की वर्षअखेरीची छापील यादी मुख्य कचेरीला गेली ती शेऱ्यांसकट. आठ दिवसांनी पत्र आलं. कारखान्याच्या कोठारात चौदा बेडूक कशासाठी ठेवले आहेत याचा खुलासा करावा, आणि नवऱ्या सहा असताना नवरे पाचच का. साहेबांनी नानांना बोलावलं. नाना शांतपणे म्हणाले, "एक नवरा गंजला, साहेब. काढून टाकला." साहेबांना हसू आवरेना. खुलासा मी लिहिला, आणि नानांनी तो सुपारी टाकून माझ्याकडूनच वाचून घेतला.

एकदा कामावरून सुटताना त्यांनी मला खोलीवर चहाला नेलं. दारावर चिठ्ठी होती, "कडी आधी वर करा, मग डावीकडे सरकवा. ओढू नये." आत तर विचारूच नका! स्टोव्हवर चिठ्ठी, डब्यांवर चिठ्ठ्या, फळीवर चिठ्ठी. "चहा उजवीकडे, साखर त्याच्यामागे, वेलची असलीच तर काचेच्या बरणीत." मी हसायला लागलो. "नाना, खोलीत तुम्ही एकटे. हे वाचणार कोण?"

नानांनी पातेलं स्टोव्हवर ठेवलं. ते म्हणाले, "तुझी नानी गेली तेव्हाची गोष्ट. तेरावं झालं, पाहुणे गेले, पोरगा मुंबईला गेला. मी उठलो चहा करायला. साखर सापडेना. स्टोअरात डोळे मिटून वॉशर काढणारा मी, माझ्याच घरात अर्धा तास साखर हुडकत होतो. सगळं तिच्या डोक्यात होतं. आणि विचारू कोणाला? शेवटी शेजारणीनं येऊन काढून दिली. पिठाच्या डब्यामागं होती, मुंग्यांपासून लांब. मला तवा वाटलं, हिनं एका कागदावर लिहून ठेवलं असतं तर." मग एकदम हसून म्हणाले, "तिला लिहिता येत नव्हतं, ती गोष्ट वेगळी."

मी हसू का नको, ते मला कळेना. चहा मात्र फक्कड झाला होता.

निवृत्तीच्या दिवशी कँटीनमध्ये समारंभ झाला. शाल, नारळ, फोटो. साहेब म्हणाले, नाना, दोन शब्द बोला. नानांनी पिशवीतून बांधलेलं पुस्तक काढलं, साहेबांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, जाधवला बेडूक पाहिजे. काढून द्या." आणि टाकली तोंडात सुपारी. दोन शब्दांच्या जागी ही! साहेब बिचारे आयुष्यात स्टोअरच्या खिडकीच्या आत आले नव्हते. सगळा कारखाना त्यांच्या मागे काचेच्या खोलीपर्यंत आला. साहेबांनी बूट काढले. एक मोजा फाटका निघाला. पान उलटत, बोटाने ओळ धरत, एकेक बटण दाबत त्यांनी बेडूक शोधला, मांडणीतून आणला आणि जाधवच्या हातात दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. नानांच्या हातात लाल पेन्सिल होती आणि वहीचं पान कोरं होतं. साहेबांनी बूट घातले तेव्हा कुठे नानांनी सुपारी काढली. चेहरा असा फुलला होता, की मुलाच्या लग्नातही फुलला नसेल.

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीशी. पहिले दोन महिने देवाच्या आणि पुस्तकाच्या कृपेने बरे गेले. काहीही मागा, पुस्तक उघडा, सापडतंय. मी इतका चढेल झालो होतो, की फिटरांना म्हणायचो, "अजून काही कठीण मागा की!"

श्रावणात मागणी आली. मागच्या शेडमध्ये एक जुना पंप होता, कोणा दुसऱ्या कारखान्यातून मोडीत आलेला, कागदपत्रं नसलेला. त्याचं सील गेलं. सील म्हणजे पाणी गळू नये म्हणून आत बसवतात ती चकती. जाधव धावत आला, "अरुणशेट, लवकर! साहेब सोताच उभं हायत तिथं. पंप नाय तर अर्धा प्लँट बंद." मी ऐटीत पुस्तक उघडलं. जुना पंप, पान एकशे बारा. सील. आणि पुढे काय लिहिलं असावं?

"याबद्दल मला विचारावे. — शेलार."

मी डोळे चोळून परत वाचलं. 'विचारावे' हा शब्द नानांना शिवीसारखा होता. माझ्या मसुद्यातून तो त्यांनी शंभरदा खोडला असेल. माझ्याकडून टाईप झालेल्या पानांत हे पान नव्हतं, शाईने हाताने लिहून शेवटी आत चिकटवलं होतं. आणि खाली, त्याच पानावर आणि पुढच्या पूर्ण पानावर, कुडपणला नानांच्या घरी कसं यायचं ते! पोलादपूरला कुठल्या बाजूने एस.टी. पकडायची. "कंडक्टर एक थांबा आधीच उतरवू बघेल, उतरू नये." चढणीला सुरुवात कुठे होते. "दोन वाटा फुटतात. रुंद वाट चुकीची आहे." मग, "इथे दम लागेल. लाज वाटू देऊ नये. डाव्या हाताला जांभळीचं झाड आहे, खाली बसायला दगड आहे. बसावे. माठात पाणी आहे. प्यावे आणि पेला उपडा ठेवावा." मग गाव, मग "कुत्रा भुंकेल, चावत नाही," मग अंगण. आख्ख्या पुस्तकात इतक्या बारकाईने लिहिलेलं दुसरं पान नाही.

साहेब येऊन खांद्यावरून वाचत होते. "जीप काढा," म्हणाले. जाधव म्हणाला, "साहेब, ह्या पावसात वर चढायचं न् उतरायचं म्हणजे उद्या उजाडंल."

माझं डोकं तापलं होतं, नानांवर, स्वतःवर, सगळ्यांवर. प्रतिज्ञा करून गेले आणि नेमकं इथे गोत्यात आणलं! पण दीड-दोन वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काढली ती काही फुकट नव्हती. पुस्तकात पहिल्याच पानावर होतं, की वस्तू सापडत नसेल तर ती शेवटी कोणी नेली ते बघा. जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला. तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी निघाली. घेणाऱ्याची सही, तुकाराम जाधव.

"अरे, तूच नेलंय की!"

जाधवने डोकं खाजवलं. "व्हय की. पण नानांनीच आतनं आणून दिलं होतं. मी खिडकीशीच उभा. एवढं आठवतंय, नाना स्टूल घेऊन आत गेलं होतं."

स्टूल! म्हणजे सगळ्यात वरचा कप्पा. आम्ही दोघं मांडण्यांवर चढलो. धूळ, पाली, जळमटं. पाचव्या मांडणीच्या माथ्यावर एका मोठ्या पंपाच्या सीलांचं खोकं होतं. जाधवने त्यातलं एक उचललं आणि ओरडला. त्याची एक कड घासून बारीक केलेली होती. अशी चार. नानांनी मोठ्या पंपाची सीलं घेऊन, घासून, जुन्याला बसतील अशी करून ठेवली होती. दुपारी तीनला पंप चालू झाला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी त्याच संध्याकाळी सगळा प्रकार एकेक पायरी करून लिहिला, सुलोचनाबाईंना बसवून वाचून घेतला आणि नवं पान तयार केलं. फक्त पुस्तकात चिकटवायचं बाकी ठेवलं. आधी नानांना दाखवायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला मिरवायचं होतं. बघा, तुमच्याशिवाय जमलं!

जायला दिवाळी उलटली. सुट्टीच्या दिवशी ते पान आणि नानांनी लिहिलेल्या वाटेची नक्कल पिशवीत घेतली आणि पोलादपूरला एस.टी. धरली. कंडक्टर खरंच एक थांबा आधी उतरवायला लागला. उतरलो नाही. दोन वाटा आल्या, रुंद सोडली. चढता चढता घामाघूम झालो, छाती भात्यासारखी चालू झाली, आणि समोर डाव्या हाताला जांभळ. खाली दगड, स्वच्छ झाडलेला. दगडाशेजारी माठ, वर ताटली, ताटलीवर राखेने घासलेला पेला. मी पाणी प्यालो. गारेगार आणि ताजं.

बाजूच्या उतारावर एक म्हातारी गवत कापत होती. मी सहज म्हटलं, "आजी, वाटसरूंची चांगली सोय आहे हो इथे."

"वाटसरू कंचा रे!" म्हातारी कंबर सरळ करत म्हणाली. "इथनं आमी नि गुराखी. आमाला झऱ्याचा पाणी हाय. ह्यो नानांचा माठ. पावसापासनं रोज सकाळी कळशी घेऊन येतात, शिळा वततात, ताजा भरतात. परवा ताप होता तरी आलं. म्या इचारलं, नाना, कुणासाठी वो मरतासा? तर म्हनतात, कारखान्यातल्या पुस्तकात लिवलंय, हितं पाणी हाय म्हणून. पाणी नसलं तर पुस्तक खोटं पडंल."

मी त्या दगडावर परत बसलो. दम मघाशीच ओसरला होता. चार महिने रोज, तापात, हा माणूस कळशी घेऊन इथवर उतरत होता. आणि आम्ही खाली मांडणीवर चढून, शहाण्यासारखे, त्याला न विचारता सील शोधून मोकळे! मला माझीच इतकी लाज वाटली, की वाटलं इथूनच मागे फिरावं. मग विचार केला, फिरलो तर उद्या सकाळी नाना कळशी घेऊन परत येणारच.

कुत्रा भुंकला, चावला नाही. नाना अंगणात धुतलेला सदरा घालून बसले होते, खिशाला पेन. मला बघून उठले ते जवळपास धावलेच.

"आलास? कुठं अडलास? जुना पंप ना?"

"हो नाना. सील गेलं."

"वाटलंच मला!" केवढा आनंद! मग लगेच चेहरा उतरला. "अरे, मग प्लँट बंद हाय आणि तू चालत आलास? कधीपासनं बंद?"

आता आली का पंचाईत! मी सुचेल ते ठोकलं. "साहेबांनी दुसरा पंप लावलाय तात्पुरता. म्हणाले, नानांना विचारल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही."

"साहेब म्हणाले?"

"साहेब म्हणाले."

नानांनी मला घोंगडीवर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. पाचवी मांडणी, अगदी वरचा कप्पा, स्टूल घ्यावं लागेल, मोठ्या पंपाचं खोकं, त्यात कड घासलेली चार. मी मान डोलवत राहिलो. सांगून झालं दोन मिनिटांत.

"एवढंच?" मी म्हटलं. "नाना, हे तर तीन ओळींत लिहिता आलं असतं."

"आलं असतं."

"मग लिहिलं का नाही?"

नाना चुलीकडे बघत होते. "सगळंच लिहिलं," ते म्हणाले, "तर माणूस हितं कशाला चढंल?"

मी चुलीत एक लाकूड सारलं. त्यांनी कुळथाचं पिठलं केलं, नाचणीच्या भाकऱ्या भाजल्या, मुलगा मुंबईहून मे महिन्यात येणार म्हणून सांगितलं, साहेबांची, सुलोचनाबाईंची, बेडकांचीसुद्धा चौकशी केली. निघताना म्हणाले, "सीलाचं लिहून नाय घेतलंस?"

"लक्षात राहील, नाना."

आयुष्यभर लक्षात राहण्यावर विश्वास न ठेवलेल्या त्या माणसाने खिशाचं पेन काढलं आणि परत लावलं. मग म्हणाला, "बरं." मला वाटतं त्यांना सगळं कळलं होतं. पिशवीतलं पान मी बाहेर काढलंच नाही. ते अजून माझ्या घरी कपाटात आहे आणि पुस्तकातलं पान एकशे बारा होतं तसंच आहे.

पुढच्या सुट्टीला मी जाधवला बोलावलं आणि म्हटलं, कुडपणला जाऊन ये, नानांना सीलाबद्दल विचार.

"मी इचारू?" जाधव उडालाच. "सील मीच काढलं की खोक्यातनं!"

"माहीत आहे. तरी विचार."

जाधव मान हलवत गेला. दुसऱ्या दिवशी खिडकीशी आला तो हातात नानांनी दिलेला हा एवढा भोपळा घेऊन.

"काय रे, विचारलंस?"

"इचारलं. दोन तास बसवून समजावलं. आणि म्हणालं, तुज्या डोक्यात एकदा सांगून शिरायचं नाय, पुढल्या सुट्टीला परत ये."